गुंजभर ऐवज

माणूस आपल्या ऐवजाची मोजदाद करावयास बसला म्हणजे नेहमी मोठ्या जिनसांपासून प्रारंभ करतो. घर, शेत, विहीर, बैलजोडी, मग भांडीकुंडी, आणि शेवटी आठवण राहिलीच तर कोनाड्यातील डबीत ठेवलेली नाकातली चमकी. देहाच्या ऐवजाविषयीही आपली रीत हीच आहे. हृदयाचे नाव घेतल्यावाचून कवीला गत्यंतर नाही. मेंदूविषयी प्रत्येकास, विशेषतः आमच्यासारख्या मास्तरांस, थोडाबहुत गर्व असतो. काळजाचे तर आपल्या भाषेने इतके लाड केले आहेत, की ते तुटते, फाटते, धडधडते आणि प्रसंगी उलटेही असते. पोटाविषयी बोलण्याचेच कारण नाही. त्याची आठवण ते स्वतःच दिवसातून तीनदा करून देते. परंतु याच देहात, गळ्याच्या आतल्या अंगाला, मसुरीच्या डाळीएवढ्या चार ग्रंथी दडून बसलेल्या असतात, आणि त्यांच्यावाचून माणसाचा हात मुठीत वळत नाही व वळलेला हात उघडत नाही, ही गोष्ट आमच्या परिचयाच्या शंभर सुशिक्षितांपैकी पाचांनाही ठाऊक नसेल.

या ग्रंथींस परावटू ग्रंथी म्हणतात. गळ्याच्या पुढील भागात फुलपाखराने पंख पसरावे तशी जी ग्रंथी असते ती अवटू, किंवा सर्वांच्या तोंडी असलेल्या शब्दाने सांगावयाचे तर थायरॉइड. आणि तिच्या पाठीला चिकटून असलेल्या त्या परावटू. म्हणजे बिचाऱ्यांना स्वतःचे नावदेखील मिळाले नाही. ‘पाटलाच्या वाड्यामागचा’ एवढ्यावरच एखाद्या गरीब कुळाची ओळख भागवावी, तशातला हा प्रकार. दोघींचे काम मात्र अगदी निराळे. थायरॉइड शरीराच्या चुलीचा जाळ कमीजास्त करते. परावटू रक्तातील कॅल्शियमचा हिशेब ठेवतात. एकेकीचे वजन तीसचाळीस मिलिग्रॅम. चारही सोनाराच्या तागडीत घातल्या तर जेमतेम गुंजभर भरतील. ही गुंज हरवली म्हणजे काय होते, हे आमच्या घरी आम्ही पाहिले. आणि ते सांगण्यासारखे आहे असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आमचे मूळ घर इंदापूर तालुक्यात डाळज येथे. पुण्याहून सोलापूरकडे निघाले म्हणजे भिगवण मागे टाकल्यावर थोड्याच वेळात हे गाव लागते. किंबहुना डाळज नंबर एक, दोन आणि तीन अशी तीन गावे लागतात, आणि नवख्या पाहुण्याला यांपैकी आपले डाळज कोणते हे सांगताना पत्ता सांगणाराच दमून जातो. एका अंगाला हमरस्ता आणि दुसऱ्या अंगाला उजनीचे पाणी. भीमेवरील हे धरण १९८० साली पुरे झाले, आणि तेव्हापासून या पट्ट्याचा चेहरामोहराच पालटला. जेथे आमच्या वडिलांच्या वेळी ज्वारीची ताटे डुलत, तेथे आता उसाचे फड आहेत. आणि हिवाळ्यात भिगवणच्या पाणथळीवर रोहित पक्षी उतरतात, ते पाहावयास शहरची मंडळी दुर्बिणी गळ्यात अडकवून पहाटेच येऊन ठेपतात. जमीन काळी, नांगर खोल गेला की चुनखडीचे पांढरे खडे वर येतात. लहानपणी ते खडे आम्ही पाटीवर लिहावयास वापरीत असू. चुन्याची अशी समृद्धी असलेल्या या भूमीवर आमच्याच घरातील एका बाईच्या रक्तातला चुना सरावा, हा दैवाचा विनोद म्हणावा लागेल.

ही बाई म्हणजे आमच्या थोरल्या वहिनी. वय साठीच्या घरात. दादा शेती पाहतात, आणि वहिनी दादांसुद्धा सगळ्यांना पाहतात, अशी त्या घरातील कामाची वाटणी आहे. वहिनींच्या गळ्याला बरीच वर्षे एक गाठ होती. लुगड्याच्या पदराआड ती झाकत असे; वाढू लागली तशी पदराला झाकेनाशी झाली. गलगंड हा रोग आपल्या देशाला नवा नाही. सुश्रुताच्या ग्रंथात त्याचे वर्णन आहे. पूर्वी अन्नपाण्यात आयोडीन कमी पडे त्या मुलुखात गावेच्या गावे गळा फुगलेली दिसत. हिमालयाच्या पायथ्याशी कांग्रा खोऱ्यात १९५६ पासून डॉक्टर रामलिंगस्वामी यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग करून दाखविला. १९६२ साली सरकारने त्याची देशव्यापी योजना केली. आणि आज वाण्याकडील मिठाच्या पुडीवर जो आयोडीनचा उल्लेख असतो, त्याच्यामागे ही सारी तपश्चर्या आहे. परंतु सगळ्याच गाठी मिठाने विरत नाहीत. वहिनींच्या गाठीने श्वासनळीवर भार टाकावयास आरंभ केला. आडवे होताच जीव घुसमटे. तेव्हा पुण्यास एका रुग्णालयात सगळी थायरॉइड काढून टाकावी असे ठरले, आणि शस्त्रक्रिया उत्तम पार पडली. गाठ साधी निघाली, कर्करोग नव्हे, हे कळल्यावर दादांनी रुग्णालयाच्या आवारातच पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी वहिनी घरी आल्या.

सोबत औषधांची एक पिशवी होती आणि एक कागद होता. कागद इंग्रजीत होता, आणि इंग्रजीतही संक्षेपात. औषधे देताना तेथील कुणी एका कर्मचाऱ्याने समजावून सांगितले होते : ही पांढरी लहान गोळी थायरॉइडची, सकाळी उपाशीपोटी, जन्मभर चुकवायची नाही, ही दुखण्याची, आणि या मोठ्या गोळ्या ताकदीच्या. सांगणाऱ्याच्या हेतूविषयी आम्हाला मुळीच शंका नाही. खेड्यातील बाईला समजेल असा सोपा शब्द त्याने शोधला. परंतु या सोप्या शब्दानेच घात केला. ‘ताकदीची गोळी’ हा शब्द आपल्याकडील बायकांनी आयुष्यभर ऐकलेला असतो. बाळंतपणात ऐकलेला असतो, तापातून उठल्यावर ऐकलेला असतो. आणि ताकदीची गोळी ही घेतली तर बरी, न घेतली तरी चालते, पोटाला जड पडली तर प्रथम तीच बंद करावी, असा घरोघरचा शास्त्रार्थ आहे. वहिनींनी तोच लावला. गोळ्या मोठ्या, गिळताना ओल्या गळ्याला टोचत. शिवाय पोट जड होई. “ताकद काय, आठ दिवसांनी भाकरीनं पण येईल,” असे म्हणून त्यांनी त्या देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवून दिल्या.

शस्त्रक्रियेनंतरच्या पाचव्या दिवशी, शनिवारी सायंकाळी, आम्ही त्यांना भेटावयास डाळजला गेलो. वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. बोलणे हळू, पण चेहरा प्रसन्न. जेवणे झाली. रात्री दहाच्या सुमारास त्या म्हणाल्या, “भाऊजी, ओठाभोवती मुंग्या आल्यासारखं होतंय. बोटांच्या शेंड्यांना पण.” दमणुकीमुळे असेल, असे घरातल्या मंडळींस वाटले. अकरा वाजता पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. दादा पाय चोळीत बसले. आणि मग हात वळले. ते दृश्य आम्ही जन्मात विसरणार नाही. अंगठा तळव्यात आत ओढला गेलेला, चारही बोटे सरळ आणि एकमेकींना घट्ट चिकटलेली, मनगट वाकलेले. वहिनींचीच सून म्हणाली, की कासारणीपुढे बांगड्या भरावयास हात धरतात तस्सा हात झालाय. खरोखरच तसाच; परंतु बांगड्या भरून झाल्यावर तो हात सैल होतो, आणि हा होत नव्हता. दादांनी बोटे उलगडावयास पाहिली तर वहिनी कळवळल्या.

खेड्यात रात्री एका घरचा दिवा लागला म्हणजे चार घरचे लागतात. माणसे जमली. कुणी म्हणाले, वाताचा झटका. कुणी म्हणाले, धसका घेतलाय. एका म्हाताऱ्या आत्याबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. एक अनुभवी गृहस्थ गंभीर होऊन म्हणाले, “गळ्याला जखम आहे, हत्यार लागलेलं आहे, हा धनुर्वात.” या शब्दासरशी सगळ्यांचे चेहरे उतरले. वहिनी शुद्धीवर होत्या. त्यांनीही तो शब्द ऐकला. त्यांचा श्वास जोरजोराने चालू लागला आणि हात अधिकच ताठरले. कागद आम्हास त्या घटकेस प्रथम पाहावयास मिळाला. त्यावर कॅल्शियमच्या गोळ्या दिवसातून तीनदा घ्याव्यात असे होते, आणि खाली बारीक अक्षरांत, हातापायांस मुंग्या आल्यास तत्काळ यावे असेही होते. म्हणजे जे सांगावयास हवे होते ते सर्व लिहिलेले होते. मात्र ज्या बाईसाठी लिहिले, तिला वाचता येणाऱ्या भाषेत नव्हते. फळीवरच्या गोळ्यांची पट्टी आणली. एकही गोळी कमी झालेली नव्हती.

गाडी काढून आम्ही भिगवणची वाट धरली. तेथील एक तरुण डॉक्टर झोपेतून उठून आले. त्यांनी दोनच गोष्टी केल्या. “काकू, गळ्याचं ऑपरेशन कधी झालं?” असे विचारले, आणि कानाच्या पुढे, गालाच्या हाडावर, बोटाने हलकेच टकटक केले. त्यासरशी वहिनींचा वरचा ओठ त्या बाजूला फडफडला. डॉक्टर म्हणाले, “धनुर्वात नाही. रक्तातलं कॅल्शियम उतरलंय. काकू, आधी श्वास सावकाश घ्या. घाबरून जोरात श्वास घेतला की हात आणखी वळतात.” मग त्यांनी हृदयाच्या ठोक्यांकडे लक्ष ठेवून कॅल्शियम ग्लुकोनेटचे औषध शिरेतून अगदी धिमेपणाने, दहा मिनिटे घेऊन सोडले. हे औषध घाईने दिले तर हृदयाला अपाय होतो, असे ते आमच्याशी बोलता बोलता म्हणाले. दहा मिनिटे आम्ही त्या हाताकडे पाहत उभे होतो. प्रथम अंगठा हलला. मग बोटे एकेक करून सुटली. आणि शेवटी वहिनींनी तळहात उघडून दिव्याच्या उजेडात असा निरखून पाहिला, की जणू तो त्यांना कुणी नव्यानेच आणून दिला आहे. डॉक्टरांनी आणखी औषध सलाईनमधून सुरू केले आणि पहाटे रुग्णवाहिकेने पुण्यास रवाना केले. तेथे तपासणीत कॅल्शियम ६.४ निघाले. ते साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅमच्या दरम्यान असावे लागते.

पुढले काही दिवस आम्ही रुग्णालयाच्या बाकावर बसून, आणि मग ग्रंथालयात बसून, या प्रकरणाचा छडा लावीत होतो. जे हाती आले ते मोठे विलक्षण आहे. प्रौढ माणसाच्या देहात किलोभर तरी कॅल्शियम असते. त्यातले शंभरातील नव्याण्णव भाग हाडांत आणि दातांत. सगळ्या रक्तरसात मिळून जे फिरते ते अवघे तीनशे मिलिग्रॅम, म्हणजे एका मोठ्या पेलाभर दुधात असते तितके. परंतु सारा कारभार या पेलाभर कॅल्शियमवर चालतो. मज्जातंतूंच्या दाराशी ते द्वारपाळासारखे उभे असते. आम्हाला आधी वाटे, कॅल्शियम उतरले म्हणजे अंग ढिले पडावे. प्रत्यक्षात घडते ते उलट. द्वारपाळ दूर झाला की मज्जातंतू उतावळे होतात, कारण नसताना संदेश धाडू लागतात, आणि स्नायू त्या खोट्या हाकांना ओ देत आवळत बसतात. हा आवळ स्वरयंत्रापर्यंत पोहोचला तर श्वास कोंडतो. हृदयाची लयही बिघडू शकते. तेव्हा वहिनींना जे नव्हते ते ‘ताकद’ नव्हे. त्यांच्या स्नायूंत त्या रात्री नको तितकी ताकद होती. त्यांच्यापाशी उरली नव्हती ती आवर घालणारी शक्ती.

या आवराचा पहारा परावटूंकडे. रक्तातील कॅल्शियम लवमात्र उतरले की त्या आपला रस सोडतात. मग हाडांच्या कोठारातून थोडे कॅल्शियम बाहेर निघते, मूत्रपिंडे ते वाया घालविण्याचे थांबवितात, आणि ड जीवनसत्त्वाला कामाचे रूप येऊन आतडे अन्नातून अधिक ओढून घेते. थायरॉइड काढताना या चौघींना जागच्या जागी, त्यांच्या रक्तवाहिन्यांसकट, राखावे लागते. त्या वाहिन्या केसासारख्या. ग्रंथींचा रंग भोवतालच्या चरबीहून फारसा निराळा नाही. जागाही प्रत्येकाच्या गळ्यात थोडी वेगळी. त्यामुळे निष्णात हातांतही संपूर्ण थायरॉइड काढल्यावर शंभरांतील वीसतीस जणांचे कॅल्शियम काही दिवस उतरते. दुखावलेल्या परावटू काही आठवड्यांनी, फार तर काही महिन्यांनी, पुन्हा कामावर रुजू होतात. शंभरांतील एक ते तीन मात्र असे, की त्यांच्या परावटू कायमच्याच जातात. ग्रंथी निघून आलेली ध्यानात आली तर शल्यवैद्य तिचे बारीक तुकडे करून मानेच्या स्नायूत रोवतो, आणि पुष्कळदा ती रोपासारखी तेथे जीव धरते. हा सर्व भाग ऐकल्यावर शस्त्रक्रिया करणाराविषयी आमच्या मनात किल्मिष राहिले नाही.

परंतु मनुष्यजातीस हे कळावयास किती काळ लागला! लंडनच्या प्राणिसंग्रहालयात एक भारतीय गेंडा होता. तो १८४९ साली मेला. रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाने त्याचे विच्छेदन केले, तेव्हा थायरॉइडला चिकटलेला एक लहानसा पिवळसर गोळा त्याला आढळला, आणि त्याने तो नोंदून ठेवला. म्हणजे परावटूची पहिली नोंद झाली ती आपल्याकडील एका गेंड्याच्या गळ्यात. माणसाच्या गळ्यातील परावटू शोधल्या त्या स्वीडनमधील उप्साला येथील इवार सॅन्डस्ट्रम या तरुणाने, १८८० साली. त्याच्या निबंधाकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. १८८९ साली, सदतिसाव्या वर्षी तो वारला. पुढे दोनच वर्षांनी फ्रान्समध्ये ग्ले याने या ग्रंथींवर प्रयोग केले आणि जगाचे डोळे उघडू लागले.

त्याच सुमारास युरोपात दोन थोर शल्यवैद्य गलगंडावर शस्त्रक्रिया करीत होते : व्हिएन्नात बिलरोथ आणि स्वित्झर्लंडमधील बर्न येथे कोखर. दोघेही कुशल, पण गंमत अशी, की सगळी ग्रंथी काढल्यावर बिलरोथकडील रोग्यांच्या हातापायांस आकडी येई, आणि कोखरकडील रोग्यांस ती क्वचितच येई, त्याऐवजी ते महिन्या-दोन महिन्यांनी सुस्त, जड आणि मंद होत. या कोड्याचा उलगडा पुढे अमेरिकेतील हाल्स्टेड या शल्यवैद्याने केला. त्याने दोघांचेही हात प्रत्यक्ष पाहिले होते. कोखरचा हात सावकाश, नेटका, रक्ताचा थेंब न सांडू देणारा. तो थायरॉइड पुरती काढी, पण तिच्या बाहेरच्या कशालाही धक्का लावीत नसे. बिलरोथचा हात वेगवान. त्यात थायरॉइडचे तुकडे मागे राहत आणि परावटू निघून जात. दोघांनाही त्या चार ग्रंथींचा पत्ता नव्हता. एकाच्या हातून त्या वाचल्या त्या ज्ञानामुळे नव्हे. जे आपल्याला ठाऊक नाही त्यालाही इजा होऊ नये अशा हळुवार स्वभावामुळे. विद्येपेक्षा स्वभाव श्रेष्ठ ठरल्याचे इतके उघड उदाहरण इतिहासात दुसरे आमच्या पाहण्यात नाही. कोखरला १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले; आणि त्याच साली बाल्टिमोर येथे मॅककॅलम व फोग्टलिन यांनी दाखवून दिले, की परावटू काढलेल्या प्राण्याची आकडी कॅल्शियम दिल्याने थांबते. भिगवणच्या त्या तरुण डॉक्टरने मध्यरात्री जे औषध सोडले, त्याची पाळेमुळे अशी शंभरावर वर्षे मागे गेलेली होती.

आता पुन्हा त्या ‘ताकदी’कडे वळू. आम्ही जन्मभर शब्द शिकविण्याचा धंदा केला. त्यामुळे शब्दाने माणूस कसा तरतो आणि कसा बुडतो याविषयी आमचे काही मत असणे साहजिक आहे. अडाण्याशी सोपे बोलावे, हे खरे. परंतु सोपे करणे आणि खोटे करणे यांत अंतर आहे. “गोळी चुकली तर हात वळतील, ओठाला मुंग्या येतील, आल्या तर लगेच डॉक्टरकडे जा,” हे वाक्य समजण्यास कोणत्या विद्यापीठाची पदवी लागते? आमच्या वहिनींना उसाच्या लागणीपासून बँकेच्या व्याजापर्यंत सर्व हिशेब कळतो. त्यांना कारण सांगितले असते तर त्यांनी ती गोळी घड्याळाच्या ठोक्याला घेतली असती, आणि दुसऱ्या चार बायकांना घ्यावयास लावली असती. खेड्यातील माणसाला शास्त्र समजत नाही अशी आपणा शिकलेल्यांची एक सोयीस्कर समजूत आहे. सोयीस्कर अशासाठी, की तिच्यामुळे समजावून सांगण्याचे कष्ट वाचतात. शल्यवैद्याने चार तास जीव ओतून जे साधावे, ते औषधाच्या खिडकीपाशी अर्ध्या मिनिटात एका शब्दाने वाहून जावे, ही हळहळ आमच्या मनातून जात नाही. कोखरचा हळुवारपणा हाताला लागतो तसा जिभेलाही लागतो. आणि रोगी घरी निघतो त्या वेळी तर तो अधिकच लागतो, कारण तेथून पुढे त्याच्यासोबत डॉक्टर जात नाही, फक्त डॉक्टरचा शब्द जातो.

वहिनी परत आल्यावर गावाने सल्ल्यांचा पाऊस पाडला. कॅल्शियम म्हणजे चुना, हे एकदा पसरताच एका आजोबांनी आपली पानाची चंचीच पुढे केली. “गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज ताकातून घ्यावा, गोळ्यांचं नावच काढायला नको!” गव्हाचा दाणा हे माप ऐकून आम्हास हसू आवरेना, कारण हरवलेल्या परावटूचे मापही जवळजवळ तेवढेच. चुना तोंड पोळवितो, आणि परावटूवाचून आतडे तो उचलणार तरी कसे, हे आजोबांना सांगितल्यावर ते थोडे हिरमुसले. पण पुढल्याच दिवशी तीळ आणि नाचणीचे पीठ घेऊन आले. हा सल्ला मात्र चांगला होता. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. तरी परावटू नसलेल्या माणसाचा निभाव नुसत्या नाचणीवर लागत नाही. डाळजला उन्हाची वाण नाही, तरी ऊन्हाने तयार झालेल्या ड जीवनसत्त्वाला शेवटचा संस्कार करण्याचा हुकूम परावटूंकडूनच सुटतो. म्हणून ते आयते, कॅल्सिट्रिऑल या नावाने, गोळीतून घ्यावे लागते.

आणि तेही बेताने. येथे दात्याचा हात फार मोकळा असून चालत नाही. परावटू नसल्या म्हणजे मूत्रपिंडे कॅल्शियम अडवून धरीत नाहीत. वरून फार ओतले तर ते मुतखड्याच्या रूपाने तेथेच साचते. म्हणून रक्तातील अंक मर्यादेच्या खालच्या काठाशी ठेवावयाचा : मुंग्या येऊ नयेत इतका वर, खडे होऊ नयेत इतका खाली. कॅल्शियमची गोळी जेवणासोबत, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर. नाहीतर एक दुसरीला आतड्यातच अडवून धरते. निरोगी माणसाच्या देहात ज्या गोष्टी क्षणाक्षणाला न सांगता घडतात, त्या वहिनींना भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून घडवून आणाव्या लागतात. चार ग्रंथी गुंजभर वजनात जे काम बिनबोभाट करीत होत्या, त्याला आता एक डबा, एक वही, तीन महिन्यांनी एक रक्ततपासणी आणि सुनेची एक हाक लागते. उणीव असलेला रसच बाहेरून देण्याचा उपाय निघाला आहे; रोज टोचून घ्यावयाच्या अशा एका औषधास २०२४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. तो आमच्या डाळजच्या ओसरीपर्यंत केव्हा आणि कोणत्या दराने पोहोचेल ते सांगवत नाही.

पहिले सहा महिने सर्वांना आशा होती. डॉक्टर म्हणत, पुष्कळांच्या परावटू हळूहळू जाग्या होतात, वाट पाहा. त्या उन्हाळ्यात उजनीचे पाणी फार ओसरले होते. जवळच पळसदेव येथे पळसनाथाचे जुने मंदिर आहे; एरवी ते धरणाच्या पोटात असते, आणि पाणी उतरले की त्याचे शिखर, मग खांब, मग सभामंडप, असे ते वर येते. दादा वहिनींना घेऊन दर्शनास गेले. चिखलातून चालत वहिनी पार आतपर्यंत गेल्या. दादा म्हणाले, “एवढं मोठं देऊळ परत वर येतं; तुझ्या डाळीएवढ्या ग्रंथींचं काय मोठंसं?” पावसाळा आला, देऊळ पुन्हा पाण्याखाली गेले. वर्ष उलटले, आणि तपासणीचा कागद आला, त्यात परावटूच्या रसाचा अंक पूर्वीइतकाच, जवळजवळ शून्याशी होता. आता हे कायमचे, असे डॉक्टरांनी सांगितले. आणि या खेपेस ते मराठीत, बसवून, अर्धा तास सांगितले.

वहिनी काही वेळ गप्प होत्या. मग आम्हाला म्हणाल्या, “भाऊजी, चार गेल्या, तर चार वेळा गोळी घेते. हिशेब सरळ आहे.” आता त्या गावातील कुणाही बाईचे गळ्याचे ऑपरेशन ठरले की तिच्याकडे जाऊन बसतात. आपला हात पुढे धरून, अंगठा तळव्यात घालून, तो कसा वळतो ते करून दाखवतात, ओठावर बोट ठेवून मुंग्या कोठे येतात ते सांगतात, आणि निघताना बजावतात, “ती गोळी ताकदीची नाही बरं का, ती मुठीची किल्ली आहे.” वैद्यकाच्या ग्रंथांत हे वाक्य सापडावयाचे नाही. परंतु भाषेच्या प्राध्यापकाला विचाराल, तर कॅल्शियमचे याहून अचूक भाषांतर आजवर कुणी केलेले त्याच्या वाचनात नाही.